बाबांची ‘मला भूक नाही’ आणि सिंगापूरचे पाच दिवस

ताई, सप्रेम नमस्कार.

मी साताऱ्याची, नोकरीला पुण्यात आहे. दोन वर्षं पैसे साठवून येत्या डिसेंबरात आई-बाबांना पाच दिवस सिंगापूरला नेते आहे. टूरबरोबर नाही, आमचे आम्हीच. तिकिटं काढली आहेत, हॉटेल अजून ठरवलेलं नाही. काळजी आहे ती जेवणाची.

बाबा एसटीत रोखपाल होते. माळकरी आहेत, घरात अंडंसुद्धा येत नाही. आईला मधुमेह आहे. गेल्या वर्षी आम्ही तीन दिवस राजस्थानात फिरलो, तेव्हा बाबा प्रत्येक हॉटेलात मेन्यूकार्डाची फक्त उजवी बाजू वाचायचे आणि कार्ड मिटून म्हणायचे, ‘मला भूक नाही, तुम्ही घ्या.’ ते नको म्हणाले की आईही ‘मला अर्धंच पुरे’ म्हणायची. तिसऱ्या दिवशी किल्ला चढताना आईला चक्कर आली. मी रात्री खूप रडले.

आता सिंगापूरला बाबा प्रत्येक आकड्याला सत्तरने गुणणार. जेवणखाणासाठी मी ४०० सिंगापूर डॉलर वेगळे काढले आहेत. ऑफिसातली मैत्रीण म्हणते, तिथल्या स्वस्त फूड सेंटरात शाकाहारी माणसाला काही मिळत नाही. दादा म्हणतो, किचन असलेला फ्लॅट घे. बाबा म्हणतात, पाचही दिवसांचं घरूनच नेऊ. मी काय करू?

एक लेक

*

लेकी,

पत्रात तू पैशांबद्दल विचारलं आहेस, पण मी थांबले ती आईच्या चक्करेपाशी. मधुमेहाची गोळी घेऊन माणूस जेवला नाही, तर रक्तातली साखर एकदम उतरू शकते. सिंगापूर म्हणजे दमट उकाडा आणि दिवसाला पाच-सात किलोमीटरची पायपीट. तिथे अर्धपोटी राहून वाचवलेला पैसा मला वाचवलेला वाटत नाही. म्हणून आपण एक धरून चालू: ताटातलं काही कमी करायचं नाही. कुठे बसायचं, किती वाजता बसायचं आणि पाणी कुठलं प्यायचं, एवढंच बदलायचं. तुझ्या ४०० डॉलरमध्ये तिघांचं पोटभर होईल. हे मी तोंडदेखलं म्हणत नाही, हिशेब खाली देते.

आधी दादाचा फ्लॅट. तो विचार सोडून द्या. सिंगापूरमध्ये खासगी घर किंवा फ्लॅट तीन महिन्यांपेक्षा कमी मुदतीसाठी भाड्याने देणं बेकायदा आहे, त्यामुळे इतर देशांत चालतं तसं चार-पाच दिवसांसाठी कुणाच्या घरात उतरता येत नाही. परवानगी असलेली सर्व्हिस अपार्टमेंट असतात, पण ती आठवड्याच्या मुदतीची आणि महाग. हॉटेलच्या खोलीत मिळते ती पाणी उकळायची किटली. तिच्यात फक्त पाणीच उकळायचं. खोलीत इंडक्शन लावून खिचडी टाकायचा विचार कुणाच्या मनात असेल तर तो साताऱ्यातच काढून टाका. धुराचा अलार्म वाजला की सगळा मजला बाहेर येतो, आणि ती शरमिंदगी बाबांना सहन होणार नाही.

हॉटेल अजून ठरलेलं नाही हे फार चांगलं. लिटल इंडिया या तिथल्या भारतीय वस्तीच्या आसपास घे. खोली थोडी लहान मिळेल, पण तुमचा जेवणाचा अर्धा प्रश्न तिथेच सुटेल. त्या भागात सकाळी सातला गरम इडली मिळते, रात्री नऊला भात-सांबार मिळतं, आणि लिटल इंडिया स्टेशनवर मेट्रोच्या दोन लायनी एकमेकींना भेटतात. डाउनटाउन लायनीने चौथं स्टेशन बेफ्रंट, म्हणजे मरिना बे आणि गार्डन्स बाय द बे. नॉर्थ ईस्ट लायनीने गाडी न बदलता चायनाटाउन, आणि पुढे शेवटचं स्टेशन हार्बरफ्रंट, म्हणजे सेंटोसा या सहलीच्या बेटाचं दार. कुठेही गेलात तरी जेवायला ‘घरी’ परतणं सोपं. अनोळखी ठिकाणी, दमलेल्या पायांनी, समोर दिसेल त्या हॉटेलात शिरावं लागत नाही.

तसं शिरणं किती महागात पडतं हे मी भोगलेलं आहे. काही वर्षांपूर्वी मी माझ्या आईला घेऊन गेले होते. पहिल्याच संध्याकाळी नदीकाठी फिरत राहिलो, आठ वाजले, आई गळून गेली आणि दारात उभ्या असलेल्या माणसाने आग्रह केला म्हणून आम्ही एका हॉटेलात बसलो. न मागता टेबलावर शेंगदाण्याची वाटी आली, ओले नॅपकिन आले. मला वाटलं, पाहुणचार आहे. बिलात दोन्ही लागले होते. शिवाय मेन्यूतल्या किमतीपुढे दोन अधिकची चिन्हं होती, ती मी पाहिलीच नव्हती. पहिलं चिन्ह म्हणजे १० टक्के सेवाशुल्क, दुसरं म्हणजे त्या दोन्हींच्या बेरजेवर जीएसटी. तो तिथे १ जानेवारी २०२४ पासून ९ टक्के आहे. म्हणजे २० डॉलर लिहिलेली डिश हातात पडते जवळजवळ २४ ला. आईने बिल पाहिलं. पुढचे दोन दिवस ती ‘पोट जड आहे’ म्हणत चहा-बिस्किटांवर राहिली. तुझे बाबा मला म्हणूनच इतके ओळखीचे वाटले.

तेव्हा ही दोन चिन्हं बाबांना जाण्याआधीच दाखवून ठेव. रोखपाल माणूस आहे, एकदा कळलं की तेच तुला सावध करतील. न मागता आलेली वाटी, नॅपकिन ‘नो, थँक यू’ म्हणून परत करायचे, त्यात काही वावगं नाही. टिप देण्याची पद्धत तिथे नाही, त्यामुळे तो संकोच मनातून काढून टाका.

आता मैत्रिणीचं म्हणणं. ती फूड सेंटर म्हणते त्यांना तिथे हॉकर सेंटर म्हणतात. पूर्वी सिंगापूरच्या रस्त्यांवर हातगाड्या होत्या. १९७० आणि ८० च्या दशकांत सरकारने त्या फेरीवाल्यांना उठवून देशोधडीला लावलं नाही. नळाचं पाणी, ड्रेनेज आणि छप्पर असलेली केंद्रं बांधून तिथे गाळे दिले. अशी शंभराहून जास्त केंद्रं आज शहरभर आहेत आणि तिथले लोक रोज तिथेच जेवतात. २०२० मध्ये युनेस्कोने ही हॉकर संस्कृती मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतली. तिथे सेवाशुल्क नाही, आणि बहुतेक छोट्या गाळ्यांवर जीएसटीही वेगळा लागत नाही. पाटीवर ४ लिहिलं असेल तर ४ च द्यायचे.

शाकाहाराबाबत मैत्रीण अर्धी बरोबर आहे. भाजी दिसते म्हणून ती शाकाहारी आहे असं तिथे समजू नकोस. हिरव्या पालेभाजीवर ऑयस्टर सॉस असतो, म्हणजे कालवांचा. लाक्सा (नारळाच्या दुधातल्या रश्शातल्या शेवया) आणि सांबल (मिरचीची चटणी) यांत वाटलेली सुकट असते. चिनी पद्धतीच्या रोजाकमध्ये फळं नि काकडी असते, पण वरचा काळा सॉस कोळंबीचा. ‘कॅरट केक’ नावाचा पदार्थ आहे, त्यात गाजर नाही, मुळा आणि अंडं असतं. आपल्या पराठ्याच्या जवळचा प्राटा सगळीकडे मिळतो आणि तो आई-बाबांना आवडेलही, पण त्याच्याबरोबरची वाटी बहुधा माशांच्या नाहीतर मटणाच्या रश्शाची असते. ऑर्डर देतानाच ‘कोसोंग प्राटा, ओन्ली दाल’ म्हणायचं. कोसोंग म्हणजे रिकामा, आत अंडं-कांदा काही न घातलेला. आणि विचारताना नुसतं ‘व्हेज?’ विचारू नकोस, समोरचा मान डोलावतो आणि मग सूप चिकनचं निघतं. एकेक नाव घेऊन विचार: नो मीट, नो फिश, नो प्रॉन, नो एग, नो ऑयस्टर सॉस. बाबांच्या माळेचा प्रश्न आहे, त्यामुळे इथे भीड नको. शंका आली तर उठून दुसऱ्या गाळ्यावर जा.

पण मैत्रिणीला जे दिसलं नाही ते असं. लिटल इंडिया स्टेशनला लागूनच टेक्का सेंटर आहे. खाली मंडई आणि खाण्याचे गाळे, वर कपड्यांची दुकानं. इथे तमिळ मंडळींचे गाळे आहेत, त्यांतले काही निखळ शाकाहारी. डोसा, इडली, उत्तप्पा, वडा. एक ताट साधारण ३ ते ४ डॉलर. जेवण्याआधी आईला अर्धा तास मंडईत फिरव. केळफूल, शेवग्याचा पाला, कढीपत्त्याच्या जुड्या, ओला नारळ. माझी आई तिसऱ्या दिवशी तिथे शिरली, एका बाईला केळफूल सोलताना बघत उभी राहिली, खुणांनी दोघींचं काहीतरी बोलणं झालं आणि बाहेर येऊन ती स्वतःहून म्हणाली, ‘आता काहीतरी खाऊ या.’ परक्या गावात ओळखीची भाजी दिसली की भूक परत येते, हे मी तिथे पाहिलं. मात्र रविवारी संध्याकाळी या भागात परदेशी कामगारांची सुट्टीची मोठी गर्दी असते. बिचारे आठवड्यातून एकदाच भेटतात. आई-बाबांना गर्दीचा त्रास होत असेल तर त्या वेळेपुरता दुसरीकडचा बेत ठेव.

त्याच भागात सेरांगून रोडवर टेबल-खुर्चीची शाकाहारी हॉटेलंही आहेत. कोमला विलास १९४७ पासून चालू आहे. अशा ठिकाणी भाताचं पूर्ण ताट दहा ते पंधरा डॉलरच्या दरम्यान पडतं. हे रात्रीसाठी ठेव, दिवसभर चालून आल्यावर पंख्याखाली निवांत बसून जेवायला.

दुसरी जागा मला तुझ्या बाबांसाठी सुचवायची आहे. बुगिसजवळ वॉटर्लू स्ट्रीटवर श्रीकृष्णाचं देऊळ आहे, १८७० पासूनचं. शेजारीच क्वान यिन देवीचं चिनी देऊळ. तिच्या दर्शनाला आलेले चिनी भाविक बाहेर पडून कृष्णाच्या देवळापुढेही उदबत्ती लावतात, हात जोडतात. वारकरी माणसाला हे दृश्य किती भिडेल याची तू कल्पना कर. दर्शन झालं की तिथून चालत दोन मिनिटांवर फू लू शौ कॉम्प्लेक्स नावाची इमारत आहे. तिच्यात बौद्ध शाकाहारी खाणावळी आहेत. शेवया, भात, दोन भाज्या, टोफू असं ताट ४ ते ६ डॉलरला मिळतं. बौद्ध शाकाहारात बहुतेकदा कांदा-लसूणही नसतो, म्हणजे चातुर्मास पाळणाऱ्यालाही चालावं. एक गोष्ट आधी सांगून ठेव: तिथे सोया आणि गव्हापासून केलेले, अगदी मांसासारखे दिसणारे पदार्थ असतात. खरं मांस नसतं, पण बाबांच्या पानात तसला तुकडा अचानक आला तर ते जेवायचे नाहीत. टोफू आणि भाज्या बोटाने दाखवून मागून घ्या. अंड्याचं मात्र इथेही विचार. चिनी गाळ्यावर ‘वो छी सू’ म्हटलं की ‘मी शाकाहारी आहे’ हे कळतं.

चहाचं थोडं सविस्तर सांगते, कारण बाबांचा दिवस चहावर चालू होत असणार आणि आईला साखर चालत नाही. तिथे चहाला ‘तेह’ म्हणतात आणि नुसतं तेह मागितलं तर त्यात गोड कंडेन्स्ड मिल्क येतं, ते आईसाठी चुकीचं. तिच्यासाठी ‘तेह सी कोसोंग’ माग. सी म्हणजे बिनगोडाचं आटवलेलं दूध, कोसोंग म्हणजे साखर नको. बाबांसाठी ‘तेह हालिया’. हालिया म्हणजे आलं. कप दीड-दोन डॉलरला मिळतो. हॉटेलच्या कॅफेत तोच चहा पाच-सहाला पडेल आणि त्यात आलंही नसेल.

पाण्यावर सगळ्यात सोपी बचत आहे आणि तीच बहुतेक लोक करत नाहीत. सिंगापूरचं नळाचं पाणी सरळ पिण्यासारखं आहे. खोलीतल्या नळाचंही चालतं. बाबांचा विश्वास बसला नाही तर किटलीत उकळून रात्री गार करून ठेव, त्यात कसला आलाय वाद. तिघांच्या तीन बाटल्या सकाळी भरून न्या. उकाड्यात माणशी दोन बाटल्या लागतात, आणि फिरायच्या ठिकाणी एकेक दीड-दोन डॉलरला, काही जागी त्याहून महाग. दिवसाला दहा डॉलर इथेच राहिले. पाच दिवसांचे पन्नास.

आता घरचा फराळ. बाबांना नाही म्हणू नकोस, पण पाच दिवसांचं नको. तिखटमिठाच्या पुऱ्या, दशम्या, मेतकूट, भाजलेले शेंगदाणे, नुसतं गरम पाणी घालून होणारे पोहे-उपमा, असं दोन वेळांचं आणि मधल्या भुकेचं पुरे. एका संध्याकाळी या दशम्या घेऊन बोटॅनिक गार्डन्समध्ये जा. ही बाग २०१५ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे, प्रवेश मोफत, हिरवळीवर बसून खायला मुभा आहे. आईच्या हातचं खाताना तिथल्या पावसाने गाठलं तर निवारेही आहेत. डिसेंबर म्हणजे तिथला पावसाळा, छत्र्या जवळ ठेवा. फक्त उरलेला घास पक्ष्यांना किंवा माकडांना टाकायचा नाही. आपल्याकडे ते पुण्य, तिथे त्याला दंड आहे.

बॅग भरताना तू स्वतः शेजारी बस, हे मी जोर देऊन सांगते. सिंगापूरमध्ये खसखस निषिद्ध मालात मोडते, अमली पदार्थांचं खातं ती बघतं. म्हणजे डिंकाचे लाडू खसखस घातलेले असतील तर नको, अनारसे नकोत, आणि घरचा मसाला न्यायचा असेल तर आईला विचार त्यात काय काय आहे. तंबाखू, गुटखा, चघळायचे-लावायचे सगळे प्रकार बंद आहेत. घरात कुणाला मिश्रीची सवय असेल तर तीही तंबाखूचीच, डबी घरी ठेवा. च्युइंगगमही नको. लाडवांसाठी विमानतळावर आई-बाबांना उभं राहून उत्तरं द्यावी लागली तर त्यांची सगळी सहल त्याच आठवणीत जाईल.

मेट्रोत आणि स्टेशनवर खाणं-पिणं चालत नाही, अगदी पाण्याचा घोटसुद्धा, दंड ५०० डॉलरपर्यंत आहे. आईला मधे काही खायला लागलं तर गाडीत चढण्याआधी द्यायचं, हे डोक्यात पक्कं ठेव. हॉकर सेंटरमध्ये खाऊन झालं की ट्रे उचलून ठरलेल्या रॅकवर ठेवायचा; २०२१ पासून तो नियम आहे आणि वयस्कर माणसांनाही तो ठेवताना तू बघशील. टेबलावर कुणी टिश्यूचं पाकीट ठेवलं असेल तर ती जागा धरलेली आहे असं समजायचं. आईला तुमचं पाकीट ठेवून जागा धरायला सांग, तिला मजा वाटेल. रोख पैसे ठेवा, सुटे ठेवा. आणि बरेच गाळे दुपारीच आवरतात, काही आठवड्यात एखाद्या दिवशी बंद, केंद्रही अधूनमधून सफाईसाठी बंद असतं, म्हणून हॉकर सेंटरचं मुख्य जेवण दुपारी साडेअकरा-बाराला ठेव. गाळे सगळे उघडे असतात, ऑफिसची गर्दी अजून यायची असते आणि आईच्या गोळीची वेळही सांभाळली जाते.

सेंटोसाच्या दिवशी आधी जेवूनच निघा. आत सगळं महाग आहे आणि मोठ्या थीम पार्कमध्ये बाहेरचं खाणं नेता येत नाही. हार्बरफ्रंट स्टेशनला लागून व्हिवोसिटी मॉल आहे, त्यात मोठं सुपरमार्केट आहे. केळी, दही, पाव तिथून घ्या. मरिना बेच्या दिवशी उलटं करा. संध्याकाळी साडेसहाला लिटल इंडियात जेवून घ्या, मग मेट्रोने बेफ्रंट. गार्डन्समधल्या झाडांचा प्रकाशाचा खेळ पावणेआठला असतो आणि त्याला तिकीट नाही. भरल्या पोटी बघितलं की तिथल्या हॉटेलांकडे लक्षच जात नाही.

गुरुद्वाऱ्यातल्या लंगरचा सल्ला तुला कुणीतरी देईल. टाउनर रोडवर सेंट्रल सिख टेंपल आहे, लंगर सगळ्यांना खुला आहे आणि जेवण शाकाहारी असतं. जरूर जा, पण दर्शनाला जा, डोकं झाकून, पंगतीत बसून. चार डॉलर वाचवायला रोज जायची ती जागा नव्हे. बाबांनाही ते रुचणार नाही, त्यांना पंगतीचं मोल ठाऊक आहे.

हिशेब असा. सकाळी इडली-डोसा आणि चहा, माणशी ५ डॉलर. दुपारी हॉकर सेंटरमध्ये ताट आणि उसाचा रस किंवा कापलेली फळं, ७ डॉलर. रात्री बसून जेवण, १२ डॉलर. मधला चहा, २ डॉलर. माणशी २६, तिघांचे ७८, पाच दिवसांचे ३९०. यात कुणी उपाशी नाही, कुणी अर्धं खाल्लं नाही. बोटॅनिक गार्डन्सची संध्याकाळ घरच्या दशम्यांवर झाली की तिथले ३६ डॉलर सुटतात. त्यात दहाची भर पडते, म्हणजे शेवटच्या दिवशी तिघांनी एखाद्या चांगल्या हॉटेलात दुपारचं सेट जेवण घ्या. दुपारीच घ्या. तीच स्वयंपाकघरं दुपारी स्वस्तात वाढतात.

आणि बाबा. त्यांच्यापासून बिल लपवायचा प्रयत्न तू करशील, मीही केला होता. त्याने उलट होतं. आकडा दिसला नाही की माणूस मनात त्याहून मोठा आकडा धरतो. तुझ्या बाबांनी आयुष्यभर दुसऱ्यांची रोकड मोजून चोख परत केली आहे. त्यांच्या हातात पैसे दे. रोज सकाळी ८० डॉलर सुट्या नोटांत त्यांच्या खिशात. त्यांना सांग, ‘ही आजची जेवणाची रोकड आहे, हिचा रात्रीपर्यंत हिशेब लागला पाहिजे, आणि हे पैसे भारतात परत न्यायचे नाहीत.’ मेन्यूकार्ड बघताना त्यांना फक्त किंमत दिसते, खिशात किती आहे हे दिसत नाही, म्हणून ते भुकेवर कात्री लावतात. खिसा त्यांचा झाला की ते आईला विचारतील, ‘तुला अजून काही घ्यायचं का?’

सत्तरने गुणणं मात्र पहिल्याच दिवशी सोडवायला हवं. त्यांना दुसरं माप दे. टेक्कामधला एक डोसा ४ डॉलर, तेच एकक. मग प्रत्येक गोष्ट डोशांत मोजा. पाण्याच्या बाटल्या पाच दिवसांच्या पन्नास डॉलर, म्हणजे बारा डोसे, म्हणून नळाचं पाणी प्यायचं. मॉलमधली कॉफी दीड डोसा, नको. कोमला विलासमधलं ताट तीन डोसे, रात्रीचं आहे, घ्यायचं. साताऱ्याच्या किमतीशी तिथल्या किमतीची तुलना केली तर तिथला घास नेहमीच महाग लागणार. तिथल्याच डोशाशी केली की काय महाग आणि काय वाजवी हे बाबांना तुझ्याआधी कळेल. हे माप मी आईबरोबर चौथ्या दिवशी काढलं. पहिल्या दिवशी काढलं असतं तर ती तीन दिवस अर्धपोटी राहिली नसती, आणि ती खंत माझ्या मनातून अजून गेलेली नाही.

आईशी मात्र वेगळं बोल, बाबा समोर नसताना. ‘ते जेवले नाहीत तरी तू जेवायचंस, गोळी घेतली आहेस’ एवढंच. तिच्या पर्समध्ये ग्लुकोजची बिस्किटं आणि साखरेच्या दोन पुड्या राहू देत. प्रवासातल्या गोळ्यांच्या वेळांबद्दल निघण्याआधी तिच्या डॉक्टरांना विचारून घे, तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे.

हॉटेल नक्की करण्याआधी दिनदर्शिकेत एकादशी बघून घे. तुमच्या पाच दिवसांत ती येत असेल तर बाबांचा उपास असणार. टेक्काच्या मंडईत केळी, पपई, शहाळी मिळतात, दही कुठल्याही सुपरमार्केटात, शेंगदाणे आणि राजगिऱ्याचे लाडू घरून ने. त्या दिवशी चालणं कमी ठेव आणि वॉटर्लू स्ट्रीटच्या कृष्णाचं दर्शन त्याच सकाळी घडव.

तुझी,
ताई